कार्बनच्या नावाखाली

१६ नोव्हेंबर, रविवार. जेवणाची भांडी आवरली आणि क्यूची टिप बदलायला बाल्कनीत बसले. क्यू म्हणजे पूल खेळायची काठी, तिचे दोन भाग असतात. पुढचा निमुळता भाग म्हणजे शाफ्ट. माझा कार्बन फायबरचा. टोकाची चामड्याची टिप तिच्याखालच्या पांढऱ्या टोपीसकट निघून आली होती, म्हणून टोक ब्लेडने जरा खरवडून नवीन चिकटवायची होती. कार्बनची भुकटी छातीत जाऊ नये म्हणतात. मास्क लावला, मांडीवर ओला फडका पसरला.

फडक्यावर पिवळट भुसा पडला.

टोक उजेडात धरलं. कडेला पातळ काळी साल, आत लाकूड. लाकडाच्या रेषासुद्धा दिसत होत्या. मास्क काढून ठेवला.

हा शाफ्ट मला धाकट्या भावाने दिला. तो मुलुंडला राहतो, नोकरी सांभाळून क्यू विकतो. हा खेळ मला त्यानेच शिकवला. गेल्या वर्षी म्हणाला, "ताई, लाकडाचा जमाना गेला. आपल्या हवेत रोजची कटकट. हा घे, नातवंडांपर्यंत जाईल." कटकट होती हे खरं. माझा जुना, मेपलच्या लाकडाचा शाफ्ट पावसाळ्यात हाताला चिकटायचा, सारखा पुसावा लागायचा. कुठे आपटून पोचा पडला की ओलं कापड ठेवून वर इस्त्री टेकवायची, म्हणजे लाकूड फुगून वर येई. पण लेकाच्या दहावीपासून वापरत होते, आणि टेबलावर लोटला तर शेवटपर्यंत एका चालीत जायचा, इतका सरळ. भावाने बदल्यात तो नेला.

मग वर्षभर बोरीवलीच्या आमच्या पूल पार्लरमध्ये मी कार्बनचा प्रचार केला. नेम चुकला तर माझा, लागला तर कार्बनचा. माझं ऐकून गोराईची एक मैत्रीणही तयार झाली. ती शाळेतून निवृत्त झालेली, होडीने खाडी ओलांडून खेळायला येते. तिचा लाकडी शाफ्ट तिच्या नवऱ्याने बोटीवर असताना परदेशातून आणलेला. तो देऊन ती भावाकडून कार्बनचा घेणार होती. सोमवारी तो तिच्या घरी जाणार होता.

भावाला फोन लावला.

"हा कार्बन नाहीये."

"कोण म्हणालं?"

"मी. टोक उघडून बसलेय."

"अगं, वरून कार्बनच आहे ना. सगळे असंच विकतात."

"म्हणून मलाही तसाच दिलास?"

"यार ताई, तू काय नॅशनल खेळतेस? वर्षभर खूश होतीस. कळलं का तुला? नाही ना?"

नव्हतं कळलं. मला कळणार नाही, हे त्याला शाफ्ट देतानाच ठाऊक होतं.

"माझा जुना कुठाय?"

"आहे माझ्याकडे. मी खेळतो त्याने."

"तू तर कार्बनवाला ना रे?"

"तसलं लाकूड आता मिळतं कुठे!" हे तो अशा सुरात म्हणाला, की ऐकून मला बरंच वाटावं.

"उद्या गोराईला जाऊ नकोस."

"का? तिला तूच सांगितलंस ना घे म्हणून? आता मोडता घालू नकोस हं."

मी फोन ठेवला. खरा कार्बन किती टिकतो ते मला आजही सांगता येणार नाही. मी तो हातात धरलेलाच नाही. लाकूड टिकतं, जपलं तर. मी जपलं होतं, ते पाहूनच त्याने नेलं. मैत्रिणीला तीनदा फोन केला. रविवारी ती उचलत नाही.

सोमवारी सकाळी लवकरची होडी धरली. भाऊ बाइकवरून भाईंदरकडून वळसा घालून येणार, म्हणजे मला वेळ होता. मैत्रीण अंगण झाडत होती.

"काय गो, एवढ्या सकाळी? कोण गेलं?"

"कोणी नाही. तुझा शाफ्ट देऊ नकोस." मी माझ्या शाफ्टचं टोक पुढे केलं.

तिने त्यावर नख फिरवलं. "म्हणजे वर्षभर तू लाकडानेच हरवलंस आम्हाला?"

"हो."

"आणि कार्बन कार्बन करून डोकं खाल्लंस ते?"

"तेही."

ती खो खो हसली. मग विचारलं, "सख्खा ना गो तो?"

"सख्खा."

मग हसली नाही. चहा ठेवायला आत गेली.

चहा संपत आला तेव्हा बाहेर बाइक थांबली. "मी सांगू त्याला?" तिने विचारलं.

"नको. माझ्या शब्दावर आलाय तो इथे."

दार मी उघडलं. त्याच्या हातात लांबट पार्सल होतं.

"ताई? तू इथे कशी?"

मी बाहेर आले आणि मागे दार ओढून घेतलं.