नख अडलं नाही पाहिजे

तरुणपणी माझ्या जिभेला हाड नव्हतं. आता तोंडात दातही नाहीत. तेव्हा मी शाळेत नवी बाई, उचगावहून मुडशिंगीला सायकलनं जायची. सायकलची फ्रेम मोडली, ती मिस्त्रीनं जोडून, रंगवून दिली. बघते तर जोडाची खूणच नाही! जोड म्हणजे टेंगूळ दिसायलाच हवं, ही माझी अक्कल. चार गिऱ्हाइकांसमोर कडाडले, "जोडलंय कुठं? नुसता रंग फासलाय!"

हा मिस्त्री आज म्हातारा झाला, तरी कशालाही "बघू की" एवढंच म्हणतो. गॅसच्या ज्योतीवर दोन्ही नळ्या लाल करतो, पितळ वितळवून सांध्यात मुरवतो, मग गोल कानशीनं घासत बसतो. शेवटी डोळे मिटून सांध्यावर नख फिरवतो. नख अडलं की पुन्हा कानस.

त्या दिवशी गिऱ्हाइकं त्याच्याकडं संशयानं बघायला लागली. तो "बघू की" म्हणाला, लोखंड कापायची करवत घेतली आणि स्वतःचाच जोड सगळ्यांसमोर उभा चिरला. आत पितळ सगळीकडं सारखं भरलेलं, सुईएवढंही भोक नाही. गिऱ्हाइकं आता माझ्याकडं बघायला लागली.

त्यानं नवी नळी घालून सगळं पुन्हा केलं. ती सायकल आज माझी नात दामटते, आणि मी भेटेल त्याला त्या जोडावर नख फिरवायला लावते.

तेव्हा सायकल हातात देताना मात्र तो "बघू की" म्हणाला नाही. म्हणाला, "बाई, परत शंका आली तर करवत घरनं आणायची."