जावयाचा चिरूट

जगातली एकही वस्तू, एकही माणूस आणि माझ्या माहितीप्रमाणे एकही देव आमच्या घरमालक काकाजींच्या परीक्षेत पहिल्या नंबराने पास झालेला नाही. निदान समोरासमोर तरी नाही. पांढरकवड्याच्या एका जिनिंगमध्ये त्यांनी उभा जन्म कापसाची प्रत लावण्यात घालवला. गाडी आली की ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, तळातला पुंजका उपसायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून ताणायचा, धागा किती लांब ते बघायचं, सरकी दाताखाली फोडून ओलावा ऐकायचा. हो, ऐकायचाच; सुकी सरकी कट्कन बोलते आणि ओली गप्प बसते. आणि मग गाडीवाल्याकडे न बघता तोंड वाकडं करून म्हणायचं, "फरदड." फरदड म्हणजे शेवटच्या वेच्याचा, मान टाकलेला कापूस. नोकरी कधीच सुटली, पण वाकडं तोंड काही सरळ झालं नाही. देवळात प्रसादाचे फुटाणे दिले तर एक दाताखाली धरून, डोळे मिटून, पुजाऱ्याच्या तोंडावर "वल हाये" म्हणतात; वल म्हणजे ओल. दवाखान्यात इंजेक्शन घेतलं तर "सुई बारीक हाये, पन हात फरदड." एकदा चौकात पुढाऱ्याचं लांबलचक भाषण झालं. लोक टाळ्या वाजवत असताना काकाजी माझ्या कानाशी म्हणाले, "कचरा लय हाये गा याच्यात. सरकी काढली त रुई मुठभरच निघन." लग्नात नवरदेवाच्या शेरवानीचा दोरा उपसून अंगठ्यात ताणताना मी त्यांना पाहिलंय. नवरदेवानेही पाहिलं होतं.

मी मूळचा निपाणीकडचा, तंबाखूच्या मुलखातला. आठवीत शाळा सुटली, ट्रकवर क्लीनर म्हणून चढलो आणि हैदराबादच्या रस्त्यावर पांढरकवड्याला काविळीने आडवा झालो. ड्रायव्हरला माल पोचवायचा होता. तो मला चहाच्या टपरीवर टेकवून निघून गेला. डोळे उघडले तेव्हा एक म्हातारा माझी पापणी उलटी करून आत बघत होता. त्याने जीभ बघितली, नख दाबलं, आणि टपरीवाल्याला म्हणाला, "वल धरली पोट्ट्यानं. वाळू द्या लागते." मला वाळवण्यासाठी त्यांनी मागची खोली दिली, काकूंनी महिनाभर पातळ भात भरवला, आणि वाळल्यावर जिनिंगमध्ये गाठींच्या प्रेसवर लावून दिलं. त्या खोलीत मी अजून आहे. या माणसाचे उपकार फेडायला माझ्यापाशी काही नाही, आणि म्हणूनच मी त्यांना सतत भितो. रोज सकाळी त्यांची चप्पल खोलीकडे वाजली की वाटतं, आज आपली प्रत लागली, आज खोली सोडायला सांगणार. आजवर तोंडावर एक चांगला शब्द नाही. जिनिंगच्या चौकीदाराने मात्र एकदा सांगितलं, "काकाजी म्हनत होते, पोट्टं एक नंबर हाये." मी धावत घरी आलो. काकाजींनी वर बघून विचारलं, "काहून बे, काम सोडून आला का?"

यात त्यांचा काही दुष्टपणा नाही, धंद्याची रीत आहे. गाडी फाटकाबाहेर जाईस्तोवर मालाला चांगलं म्हणायचं नाही. म्हटलं की भाव चढतो. घेणाऱ्याच्या तोंडाला ही रीत शोभते. पण काकाजींनी ती घरात आणली आणि पाटावर बसवली. काकू ताट वाढून समोर उभ्या राहायच्या. काकाजी घास चावायचे, डोळे मिटायचे, म्हणायचे, "ठीक हाये." काकू मला म्हणायच्या, "पाह्य रे बाप्पा, जिंदगी गेली, पन याइच्या तोंडातून मीठ बरोबर हाये येवढंही निंगलं नाही. सौदाच करून राह्यले अजून!" आणि आम्ही तिघेही हसायचो. काकू गेल्या त्यानंतर शेजारून डबा आला. काकाजींनी वरणाचा एक भुरका मारला, वाटी बाजूला ठेवली आणि भिंतीकडे बघून म्हणाले, "तिच्या हातचं वरण एक नंबर होतं." गाडी तेव्हा फाटकाबाहेर फार लांब गेली होती. मला हसू आलं नाही, आणि तेव्हापासून त्यांच्या या सवयीचं मला पूर्वीसारखं हसू येतही नाही.

त्यांना एकच मुलगी. वणीला नर्स होती. मारेगावकडच्या एका तांड्यावरचा बंजाऱ्याचा मुलगा तिने स्वतः निवडला आणि लग्न करून मोकळी झाली. काकाजी म्हणत, "मले न दाखवता सौदा केला." पण सौदा दाखवला असता तरी त्यांनी केला नसता, आणि कारण तांडा हेच होतं, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यांनी मुलीचं नाव घेणं सोडलं. काकूंच्या मयतीला ती आली तेव्हा ती बायकांत बसली आणि काकाजी तिच्याकडे पाठ करून. जावई मोठ्या प्रवासी जहाजावर स्वयंपाकी आहे. यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर तो सुट्टीवर आला, आणि मुलीने मला फोन केला, "दादा, आम्ही येऊन राह्यलो. बाबा घरात या म्हनतीन का, मले माहीत नाही. तुम्ही फक्त घरी राहा."

दोघं संध्याकाळी आले. काकाजी अंगणात खाटेवर होते. 'या'ही म्हणाले नाहीत आणि 'जा'ही. मी खुर्च्या टाकल्या. दार उघडं होतं, पण मुलगी पायरीवरच टेकली. बोलावल्याशिवाय आत जायचं नाही, असं ठरवून आली असावी. जावयाने पिशवीतून लांबट लाकडी डबी काढली आणि दोन्ही हातांनी पुढे केली. "बाबा, तुमच्यासाठी. ही म्हने, बाबाइले तंबाखूची लय पारख हाये." ते खरंच होतं. रात्री जेवणावर एकच बिडी, आणि बिडीवर व्याख्यान: इथे येतो तो सगळा खालचा माल, खरा तंबाखू बाहेर जातो, तो कोणी पाहिलेलाच नाही. लेकीने ते लहानपणापासून ऐकलं होतं.

डबीत एकच सिगार होती. पण केवढी! लाटण्याएवढी जाड, तपकिरी, तेलकट तुकतुकीत, आणि कमरेला सोनेरी कागदाचा पट्टा. काकाजींनी ती हातावर तोलली. "हा चिरूट वढाचा हाये का याच्यानं मिरच्या कुटाच्या?" मुलगी तोंडावर पदर धरून हसली. एवढ्या वर्षांनी बापाने तिच्यासमोर केलेला तो पहिला विनोद होता.

मग परीक्षा सुरू झाली. मला साक्षीदार म्हणून बोलावणं आलं, "ये गा निपाणी, तुह्या मुलखातलं काम हाये." काकाजींनी चिरूट कानाशी नेऊन हलकेच दाबला, तो कुरकुरला नाही, नुसता दबून परत फुगला. मला विचारलं, वल? मी म्हटलं, वल नाही काकाजी, जपून मुरवलाय. वरचं पान उजेडात धरून शिरा बघितल्या. एकसुद्धा जाड शीर नाही, एकही छिद्र नाही, आणि गुंडाळलेलं असं की जोड कुठे आहे ते नख फिरवूनही कळेना. माझी आई जन्मभर विड्या वळत होती. तिने हा चिरूट बघितला असता तर हात जोडले असते. टोक कापायला जावयाने खिशातून छोटी कात्री काढली, पण काकाजी तोवर अडकित्ता घेऊन आले होते. कट्कन टोक उडवलं, काडी ओढली आणि बिडीच्या सवयीने छातीभरून दम मारला. मग जे खोकले! मी पाणी आणायला धावलो, मुलगी पाठ चोळायला उठली. जावई घाबरून म्हणाला, "बाबा, याचा धूर आत घेत नसतेत. तोंडात फिरवाचा अन् सोडून द्याचा."

"आत घ्याचा नाही त वढाचा कायले?"

"चव पाहाले."

हे मात्र काकाजींना पटलं. चव बघण्यासाठीच ते जन्माला आले होते. मग ते मांडी घालून बसले आणि हळूहळू ओढू लागले. उजेड उतरत गेला तरी चिरूट संपेना. पहिल्यांदा म्हणाले, "गुऱ्हाळाजवळून गेल्यावानी वाटते." थोड्या वेळाने, "आता भाजल्या शेंगदान्याचं टरफल." मधे तिखट झाला तेव्हा डोळे मिटून मान हलवली. राख पांढरी, घट्ट, बोटभर वाढली तरी पडेना. कापसाचा लांब धागा बघावा तसे ते तिच्याकडे बघत राहिले आणि तिला धक्का लागू नये म्हणून खांदासुद्धा हलवेनात. मधेच जावयाला विचारलं, "जहाजावर पोळ्या करतं का भात?" "सगळंच करतो, बाबा." "हं." मुलगी पायरीवरून माझ्याकडे बघत होती आणि तिचे डोळे म्हणत होते, जमलं, दादा, जमलं. मलाही तसंच वाटलं. मी मनातल्या मनात आत किती पाट मांडायचे ते योजून ठेवलं.

शेवटी शेवटी सगळ्याच तंबाखूसारखा तोही कडू झाला. काकाजींनी थोटूक वाटीच्या काठावर ठेवलं, तोंड पुसलं. जावई खुर्चीच्या कडेवर पुढे सरकला. "कसा वाटला, बाबा?"

काकाजींचं तोंड वाकडं झालं. "ठीक हाये. फरदडच म्हना लागन."

 जावई उठला, पिशवीची घडी घातली. आवाज चढवला नाही. "माह्या बापालेही तुम्ही हेच म्हनलं होतं, काकाजी. मी होतो गाडीत बसून. पहिल्या वेच्याचा कापूस होता तो." आल्यापासून तो त्यांना बाबा म्हणत होता; ते तिथे संपलं. मुलगी पायरीवरून उठली आणि म्हणाली, "बाबा, आम्ही काही इकाले नोयतो आलो. द्याले आलो होतो." आणि दोघं फाटकाबाहेर गेले.

मोटारीचा आवाज हायवेला लागेपर्यंत काकाजी हलले नाहीत. मग थोटूक उचलून, हुंगून, मला म्हणाले, "एक नंबर माल होता गा. जिंदगीत असा तंबाखू नाही पाह्यला. अन् पोरगंही खानदानी हाये. चिरूट सोताच्या हातानं पेटवून नाही देल्ला, मले पेटवू देल्ला."

"मग म्हणायचं ना, काकाजी!"

"समोरासमोर कसं म्हनत असतेत, बावा?" त्यांनी हे असं विचारलं की जणू ते मला खरंच माहीत असेल, आणि मी सांगितलं तर ते शिकतील.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला फोन करून सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमच्या तोंडून ऐकून मी काय करू, दादा?" मी ते काकाजींना सांगितलं. ते म्हणाले, "बराबर हाये तिचं," आणि विषय बदलला. जावई परत जहाजावर गेला. फोन करा म्हणून मी काकाजींना किती वेळा म्हटलं; नंबर लावूनही दिला. फोन हातात धरतात, पलीकडून "हॅलो" आलं की मला परत देतात. पारखीचा माणूस आहे, बोलण्याचा नाही. बोलायला एवढ्या उशिरा शिकतात की नाही, मला सांगता येणार नाही. मी आठवीत शाळा सोडलेला.

आता दर रविवारी ती मला फोन करते. बापाचं नाव काढत नाही. पाणी आलं का, ऊन किती आहे, एवढंच. काकाजी अंगणात पाठ फिरवून बसलेले असतात आणि फोन सुरू झाला की माझ्याशी मोठ्याने बोलू लागतात, "आज भाजीत मीठ बराबर होतं गा! गुडघा कमी हाये आता! कडुलिंबाले मोहर आला!" पलीकडे ती बोलायची थांबते. श्वास तेवढा ऐकू येतो. मग मी उठून काकाजींच्या अगदी मागे जाऊन उभा राहतो, फोन धरलेला हात त्यांच्याकडे लांब करतो, आणि हात अवघडला तरी खाली घेत नाही.