दुपारी बंद पडणारा सप्लाय

नव्वदच्या दशकात मी तुर्भ्याच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात टेस्टिंगला होते. आम्ही स्विच मोड पॉवर सप्लाय बनवायचो. घरात येते तीच वीज आत घ्यायची आणि चोवीस व्होल्टचा स्थिर डीसी बाहेर द्यायचा, एवढंच त्या पत्र्याच्या पेटीचं काम. दुरुस्तीला आलेली पेटी मी थेट मेन्सवर लावत नसे. आधी शंभर वॅटच्या बल्बबरोबर सिरीजमध्ये लावायची. बल्ब क्षणभर पेटून विझला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट.

न्हावा शेव्याजवळच्या एका कंटेनर यार्डातून आलेल्या पेटीच्या वेळी बल्ब लगेच विझला. तिथे ट्रकचं वजन करायच्या काट्यावर आमचा सप्लाय होता आणि तो दुपारी अधूनमधून बंद पडतो, अशी तक्रार होती. मी दिवसभर पूर्ण लोडवर चालवून पाहिला, व्होल्टेज जागचं हललं नाही. तरी मालकांनी त्यांना दुसरा, नवाकोरा पाठवला. आठवड्याभरात त्याचीही तीच तक्रार आली.

मी मालकांना म्हटलं, "दोन्ही पेट्या एकाच जागी बंद पडतात म्हणजे खोट त्या जागेत आहे. मी तिकडेच जाऊन बसते."

"बसा," ते म्हणाले. "पण बंद पडेपर्यंत उठू नका."

काट्याच्या केबिनमध्ये पन्नाशीचे एक ऑपरेटर होते. मूळचे साताऱ्याकडचे. मला बघून त्यांनी आपली खुर्ची दिली आणि स्वतः स्टुलावर बसले. सप्लाय त्यांच्या टेबलाशेजारी, कमरेएवढ्या उंचीच्या लोखंडी स्टँडवर होता.

"सकाळी झ्याक चालतो बघा ताई," ते म्हणाले. "जेवायच्या टायमालाच मरतो. मग अर्ध्या तासानं आपला आपण चालू. तवर बाहेर गाड्यांची लाइन लागती. ड्रायव्हर मला नाही नाही ते बोलत्यात."

मी मीटर लावला. आत येणारी वीज बरोबर होती, बाहेर चोवीस व्होल्ट मिळत होते. करंट पेटीच्या ताकदीच्या निम्माही नव्हता. वायरी ओढून पाहिल्या, स्क्रू आवळले. फ्यूज शाबूत. पेटी आपली आपण चालू होते म्हणजे फ्यूज जात नव्हता, आतलं काहीतरी तापून बंद होत होतं, इतपत अंदाज मला होता. आमच्या पेटीत तशी सोयच होती. फार तापली की ती बंद व्हायची आणि निवली की पुन्हा सुरू. पण अर्ध्या लोडवर ती तापेल कशाला, हे कळेना. केबिनमध्ये पंखा चालू होता आणि पेटीला ऊनही लागत नव्हतं.

मी बसून राहिले. ट्रक येत होते, काका वजनाच्या पावत्या फाडत होते. बाराच्या सुमारास त्यांनी विचारलं, "डबा आणलाय न्हवं? द्या हिकडं, गरम करतो."

मला वाटलं, कुठेतरी शेगडी असेल. मी डबा दिला. त्यांनी तो सप्लायवर ठेवला, शेजारी स्वतःचा ठेवला आणि वरून जाडसर टॉवेल गुंडाळला. पेटीच्या झाकणाला गरम हवा बाहेर जायला भोकं होती, ती सगळी झाकली गेली.

मी ते तसंच राहू दिलं. खात्री करायची होती. तासाभरात काट्याच्या डिस्प्लेवरचे आकडे गेले.

"मेला बघा," काका म्हणाले.

मी टॉवेल काढला, दोन्ही डबे उचलले आणि भोकं दाखवली. त्यांनी भोकांवर हात धरून पाहिला.

"म्हंजी बंद पाडणारा मीच म्हणायचा की," ते हळू आवाजात म्हणाले. "आन् शिव्या बी मीच खाल्ल्या."

त्यांचा चेहरा पार उतरला. मला वाईट वाटलं. माझी भाजी कोमट करून द्यावी म्हणून ते आपणहून उठले होते. त्यांनी माझ्यासमोर डबे पेटीवर ठेवले नसते तर मी मीटर घेऊन आणखी किती बसले असते, कोण जाणे.

"तुमचं काही चुकलं नाही काका," मी म्हटलं. "वरती सपाट आणि ऊबदार असलं की कुणीही काहीतरी ठेवणारच. आम्ही झाकणच तसं केलंय."

पेटी निवून चालू झाल्यावर आम्ही जेवलो. त्यांच्या डब्यात चवळीची उसळ होती, त्यातली अर्धी त्यांनी मला वाढली.

कारखान्यात मालक आधी वैतागले. पेटीवर डबा ठेवणाऱ्याला काय म्हणावं, वगैरे बोलले. वर काही टिकणार नाही असं उतरतं झाकण करू या, असं मी सुचवलं तेव्हा पत्रा वाकवायचा खर्च कोण देणार, असं त्यांनी विचारलं. पण पुढच्या महिन्यात बेलापूरच्या एका ऑफिसातून अशीच तक्रार आली. तिथे पेटीवर फायलींचा गठ्ठा होता. त्यानंतर त्यांनी स्वतःच कागद ओढून नव्या झाकणाचं चित्र काढलं, मागे उंच, पुढे उतरतं.

ते मॉडेल पुढे बरीच वर्षं चाललं. फक्त एका गिऱ्हाइकाच्या कपाटात उतरतं झाकण मावेना. त्याच्यासाठी आम्ही शेवटपर्यंत सपाटच बनवत राहिलो.