खडकावरची नऊवारी

ह्यांचं वर्षश्राद्ध झालं, त्याच्या पुढच्या रविवारी लेकीनं कपाटातून हिरवी नऊवारी काढली. वर्षभर आम्ही दोघींनी ना सण केला होता, ना नवं काही अंगाला लावलं होतं. "आई, चल समुद्रावर. रील काढायचंय," ती म्हणाली. इथे तमिळ मुलखात, सिरुसेरीच्या तिच्या आयटी ऑफिसातल्या मुली बंधाऱ्याच्या दगडांवर समुद्राकडे पाठ करून उभ्या राहत. मागे लाट फुटायची. जी दचकून वळली, ती हरली.

मी पुस्तकात तोंड खुपसून बसणारी बाई. पण काष्टा सावरत ती दगडावर चढली आणि वर्षानंतर पहिल्यांदा खळखळून हसली, तेव्हा मलाही चेव आला. मोबाइल माझ्या हातात होता. पहिल्या लाटेचे नुसते शिंतोडे उडाले.

"एवढंच? माझ्या टीममधल्या एकीच्या डोक्यावरून गेली होती!" ती वरून ओरडली.

"मग मागे सरक!" मी म्हणाले. "अजून. अजून एक पाऊल!"

मोबाइलच्या चौकटीत हिरवी साडी, तिच्यामागे उंच होत जाणारं पाणी. त्या चौकटीबाहेर काही आहे, हेच मी विसरले. वाळूत जाळं निवडणारी एक कोळीण उठून ओरडू लागली, "इरंगुमा! इरंगु!" उतर, उतर. मी तिला हातानं गप्प केलं, आवाज रेकॉर्ड होईल म्हणून.

लाट आली. चौकटीत नुसतं पांढरं पाणी. साडी नाही.

तरी मी मोबाइल खाली घेतला नाही. हे लिहायलाच हवं.

पाणी ओसरलं तेव्हा लेक दोन दगडांच्या फटीत बसली होती. कोळीण माझ्याआधी पोचली, दंडाला धरून तिनं तिला वर ओढलं आणि मला तमिळमध्ये झाडझाड झाडलं.

वाळूवर लेक थरथरत होती आणि हसतही होती. गुडघा सोलला होता. "आई, मी वळले नाही! बघू, बघू!"

बघितलं. त्यात माझाच खणखणीत आवाज: अजून एक पाऊल!

"हा आवाज काढून गाणं टाकते," ती म्हणाली. "तुफान चालेल."

माझं काळीज अजून उडत होतं, आणि खरं सांगते, ते सगळं भीतीनं नव्हतं. मलाही ते पुन्हा बघावंसं वाटत होतं. म्हणूनच मी तो व्हिडिओ पुसून टाकला.

"आई! वेडी आहेस का?"

"घरात आता आपण दोघीच आहोत," मी म्हणाले.

ती ओला पदर पिळत राहिली.