उत्तरेचं ऊन

बाबा पुण्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे लोअर हटला आले आणि दुसऱ्याच आठवड्यात बाथरूममध्ये पडले. खुबा मोडला. ऑपरेशन नीट झालं, पण पायात जोर येईना. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, वाट बघा. मला वाट बघणं जमत नाही. मी भिंतींना दांडे बसवले, कमोड उंच करून घेतला, जास्तीचा हीटर आणला. मग करण्यासारखं काही उरलं नाही.

हिवाळा लागला होता. घर घेताना बाबांनी फोनवरून पूर्वेचं दार बघायला सांगितलं होतं. इथे दक्षिण गोलार्धात हिवाळ्यात सूर्य उत्तरेकडून जातो, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. ऊन यायचं ते फक्त स्वयंपाकघरात. तिथलं टेबल गॅरेजमध्ये टाकलं आणि त्यांची खुर्ची खिडकीशी ठेवली.

तिथे बसून ते मंगळावरच्या एका यंत्रगाडीच्या बातम्या वाचायचे. गाडी उन्हावर चालणारी, चाकं वाळूत रुतलेली. तिथेही हिवाळा, आणि तीही दक्षिण गोलार्धात. म्हणजे उत्तरेकडे कलून उभी राहायला हवी होती. तेवढंही तिला वळता आलं नाही.

"तिची चाकं, माझा खुबा," बाबा म्हणाले.

मग ती आता नुसती पडून राहणार का, मी विचारलं. त्यांनी समजावलं. जागेवरून हवा मोजता येते, वाऱ्याने वाळू कशी सरकते ते बघता येतं. आणि गाडी महिनोन्‌महिने हलली नाही, तर तिच्या रेडिओसंदेशांवरून मंगळ किती डुलतो ते पकडता येतं. त्यावरून त्याच्या पोटात घट्ट आहे की पातळ, ते कळतं.

"चालत्या गाडीला हे जमलं नसतं. फक्त बॅटरी टिकायला हवी."

पुढे संदेश थांबले. ऊन वाढलं की उठेल, असं शास्त्रज्ञ म्हणत होते. मी संध्याकाळी ट्रेनने परतले की बूट काढायच्या आत बाबा विचारत, "उठली का?" बातमी त्यांनी स्वतः वाचलेली असायची. मी तरी फोनवर बघून नाही म्हणायचे आणि वॉकर पुढे करायचे. ते अर्धवट उठायचे, थरथरायचे, परत बसायचे. मी काखेत हात घालून उभी. माझ्या जोराने त्यांचा पाय चालणार नव्हता.

परतीचं तिकीट दोनदा पुढे ढकललं. सप्टेंबरात शेजारच्या झाडाला पिवळी फुलं आली. गाडी गप्पच होती. एका रविवारी मी विचारलं, तिकीट रद्द करू का?

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "ऊन सरकलंय," म्हणाले. "खुर्ची थोडी वळव."

मी वळवली.