फाटकावरची बातमी

आमच्या भिलाईत भोंगा वाजला की बाया आधी घड्याळ बघतात. शिफ्टची वेळ असली तर पुन्हा भांड्यांकडे वळतात. नसली तर तशाच दाराकडे धावतात. अवेळी भोंगा म्हणजे पोलादाच्या प्लांटमध्ये गॅस सुटला असणार, आणि आत कोणाचा ना कोणाचा नवरा असतोच. लग्न होऊन इथं आले तेव्हा पहिल्याच महिन्यात मला ही सवय लागली, ती आजतागायत सुटली नाही.

त्या मे महिन्यात, सरहद्दीवर लढाई पेटली होती तेव्हाची गोष्ट. सकाळी नऊच्या सुमाराला भोंगा वाजला आणि मी हातातला झारा घेऊन, अनवाणी, सेक्टर सहाच्या भर रस्त्यावर! नवरा फर्स्ट शिफ्टला गेलेला. आजूबाजूच्या तीन-चार बायाही धावत बाहेर आलेल्या. आणि भोंगा कुठून येत होता? शेजारच्या भाऊजींच्या टीव्हीतून. बातम्यांना रंग चढावा म्हणून चॅनलवाल्यांनी मागं भोंगा लावून दिला होता. स्टुडिओत एसीत बसलेला अँकर हातवारे करून ओरडत होता, नकाशावर लाल-पिवळे भडके उडत होते, आणि आमचे भाऊजी सोफ्यावर पाय पसरून पोहे खात होते.

मी त्यांच्या खिडकीतूनच ओरडले, "भाऊजी, आवाज कमी करा ना! माणसाचा जीव जाते इथी!"

"अवो वहिनी, लढाई चालू आहे," ते म्हणाले. "आपण त्याईच्या घरात घुसलो, घरात!"

आपण म्हणे! हे रिटायर होऊन सात वर्षं झाली, गुडघ्याला पट्टा बांधून भाजीबाजारापर्यंत जातात, आणि हे घुसले. माझं टाळकंच फिरलं. कारण तिथं खरोखर कोणी असेल तर तो माझा मुलगा होता.

तो तोफखान्यात आहे. सरहद्दीजवळच्या एका छावणीत त्याची पोस्टिंग होती. गावाचं नाव मी इथं लिहीत नाही, तेव्हाही घरात कोणी मोठ्यानं घेत नव्हतं. दोन दिवसांपूर्वी त्याचा फोन आला होता, "आई, आता काही दिवस फोन बंद राहील, घाबरू नको." त्यानंतर काही नाही. आणि घरात त्याची बायको, सातवा महिना लागलेला. पोरगी रायपूरची, मराठी घरातली, पण बोलता बोलता मधेच हिंदीत शिरणारी. दिवसभर मोबाईल हातात. दर पाच मिनिटांनी त्याचा नंबर लावायची, बंद आहे म्हणून ऐकायची आणि पुन्हा लावायची. तिचं बीपी वाढलेलं, डॉक्टरनं सांगून ठेवलेलं की हिला टेन्शन देऊ नका. टेन्शन आम्ही देत होतो का? ते भिंतीतून येत होतं.

माझे सासरे, मामाजी, तेव्हा पंच्याऐंशीच्या घरात. भोंग्याच्या गोंधळानंतर ते खोलीतून काठी टेकत बाहेर आले आणि म्हणाले, "बाई, माह्या रेडिओत सेल टाकून दे. अन् खडू आहे का घरात?"

या खडूचं सांगायला हवं. मामाजी प्लांटच्या रेल मिलमध्ये इन्स्पेक्शनला होते. रूळ तयार होऊन आला की हे तपासायचे आणि खोट दिसली की खडूनं फुली मारायचे. त्यांच्या शॉपचा, म्हणजे खात्याचा, एक कडक नियम होता. ज्यानं फुली मारली, त्यानंच ती पुसायची. चुकून चांगल्या रुळावर मारली असली तरी दुसऱ्यानं हात लावायचा नाही. मारणाऱ्यानं चारचौघांत यायचं, चूक मान्य करायची आणि आपल्या हातानं पुसायची.

बांगलादेश झाला त्या लढाईच्या वेळी हे लोक कॅम्प एक या कामगार वस्तीत राहायचे. घरांच्या अख्ख्या लाइनीत रेडिओ एकट्या मामाजींकडे. बातम्यांच्या वेळेला ते तो खिडकीत बाहेर तोंड करून ठेवायचे आणि सगळी लाइन अंगणात उभी राहून ऐकायची. पण ड्यूटीवर असलेल्यांचं काय? म्हणून मामाजींनी दाराच्या पत्र्यावर खडूनं बातमी लिहायला सुरुवात केली. नाइट शिफ्टवाले सकाळी सायकलवरून उतरायचे, दार वाचायचे आणि मग घरी जायचे. कोणी ऐकीव काही सांगू लागला की लोक विचारायचे, "दारावर आहे का?" नसलं तर विषय संपला. आणि नियम शॉपचाच. लिहिलेलं खोटं निघालं, तर लिहिणाऱ्यानं सगळ्यांसमोर पुसायचं.

हे मी लग्नानंतर शंभरदा ऐकलेलं. त्या सकाळी मात्र मामाजींनी खरंच सुरू केलं. त्यांचा जुना ट्रान्झिस्टर, चामड्याचं कव्हर फाटलेलं, मागचं झाकण रबरबँडनं बांधलेलं. अँटेना तुटली म्हणून तिला वायर लावून कपड्यांच्या तारेला जोडली. तेव्हा कुठं खरखरीतून नागपूरची बातमी उमटली. सावकाश, एका सुरात बोलणारी बाई. ओरडणं नाही, भोंगा नाही. एवढं सांगितलं, एवढं सांगता येत नाही, बस्स. मला तर त्या आवाजानंच अर्धं बरं वाटलं.

मामाजींची अक्षरं वाकडीतिकडी पडत होती. तरी आमच्या हिरव्या लोखंडी फाटकावर त्यांनी स्वतः तीन ओळी लिहिल्या. वरच्या मजल्यावरची पोरं हसली, फोटो काढून गेली. पण येता-जाता लोक थांबून वाचू लागले.

आणि मी सुनेला सांगितलं, "आता टीव्हीचं काही कानावर घेऊ नको. फाटकावर असंल तेच खरं."

माझंच वाक्य. 

दुपारी तिला तपासायला नेलं होतं. परत येताना ऑटो कोपऱ्यावर सोडली. मी कोथिंबीर घ्यायला थांबले आणि तिला म्हटलं, तू हो पुढं, उन्हात उभी राहू नको. मोजून पाच मिनिटं झाली असतील. घराशी आले तर ती फाटकासमोर पायरीवर बसलेली. पिशवी बाजूला पडलेली, तोंड पांढरंफटक. डोळे फाटकावर.

मामाजींच्या तीन ओळींखाली चौथी ओळ होती. ठळक, मोठ्या अक्षरात. आमच्या मुलाच्या गावाचं नाव, आणि पुढं, "छावणी उडवली. सर्व खाक."

"आई," ती म्हणाली, "फाटक पे लिखा है."

मी तिला कसं आत नेलं, मला आठवत नाही.  पण मामाजी तर खोलीत झोपलेले! त्यांना हलवून उठवलं. "मामाजी, रेडिओवर काय सांगतलं? खरं सांगा!"

ते गडबडून उठले. "दुपारची बातमी मी ऐकलीच नाही बाई. मले झोप लागली."

मग अक्षर नीट पाहिलं, ते मामाजींचं नव्हतं. मामाजींचा खडू फाटकाच्या कडीवरच ठेवलेला होता. आणि शेजारच्या दारात उभ्या भाऊजींच्या बोटांना पांढरं लागलेलं होतं.

"तुमी लिवलं?"

"हो ना," ते म्हणाले. एवढं सहज, जणू झाडाला पाणी घातलं. "चॅनलवर आलं. दोन-दोन चॅनलवर. तुमच्या फाटकावर सकाळचीच शिळी बातमी होती, म्हनलं ताजी टाकून देऊ. लोकाईले समजाले पायजे ना."

"माहा पोरगा आहे तिथी!"

त्यांनी खडूची बोटं पायजम्याला पुसली. विसरले होते! आमचं पोर त्यांच्या अंगणात क्रिकेट खेळून मोठं झालं, त्यांच्या खिडकीच्या काचा फोडल्या, भरतीला निघाला तेव्हा यांच्या पाया पडून गेला. ते विसरले, कारण टीव्हीवर भडके उडत होते आणि भडके पाहताना त्यात माणसं असतात हे लक्षात राहत नाही. मग म्हणतात, "पन वहिनी, मी काय केलं? चॅनलवाले बोलले, मी फक्त उतरवलं."

मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्याचा मला पश्चात्ताप नाही, हेही लिहून ठेवते. डॉक्टर घरी आले, सुनेला गोळी दिली, डाव्या कुशीवर निजवलं. मी ओला कपडा घेऊन फाटकाकडे धावले. तर मामाजींनी काठी आडवी घातली.

"तू नको पुसू. ज्यानं लिवलं तो पुसन."

"मामाजी, नियम गेला चुलीत! ती पोरगी मरून राहिली आत!"

"बैस," ते म्हणाले. आणि पायरीवर बसून त्यांनी मला ते सांगितलं, जे शंभर वेळच्या गोष्टीत एकदाही सांगितलं नव्हतं.

बांगलादेशच्या त्या लढाईत रेडिओनं एका संध्याकाळी सांगितलं होतं, अमुक आघाडीवर आपलं काही नुकसान नाही. यांनी दारावर तसं लिहिलं. लाइनीत एक म्हातारी होती, तिचा एकुलता एक मुलगा त्याच आघाडीवर. तिनं चार जणांकडून ते दार वाचून घेतलं आणि गुळाचा शिरा करून सगळ्या लाइनीला वाटला. यांनीही खाल्ला. पाचव्या दिवशी तार आली.

"मी पुसाले गेलो," मामाजी म्हणाले. "सारी लाइन उभी होती. ती म्हातारी उठली. घरात गेली अन् ओला कपडा तिनंच आनून देल्ला मले."

 मी विचारलं, "मंग रेडिओवर तरी कावून भरोसा ठेवता?"

"भरोसा नाही ठेवत. ऐकतो. तो ओरडत नाही, म्हनून इचार कराले जागा राहते."

संध्याकाळी ब्लॅकआउटचा सराव होता. प्लांटचा खरा भोंगा वाजला, लांब आणि भरदार, आणि सेक्टरचे दिवे गेले. टीव्ही बंद पडले. चार दिवसांत पहिल्यांदा मला आमच्या कुलरचं पाणी टपकताना ऐकू आलं. मामाजींनी ट्रान्झिस्टर खिडकीत ठेवला, बाहेर तोंड करून. मग अंधारात एकेक करून माणसं आली. वरच्या मजल्यावरची हसणारी पोरं, समोरच्या ब्लॉकातल्या बाया, ओव्हरटाइम करून आलेला माझा नवरा. सून उठून खिडकीच्या आत येऊन बसली, कोणाचं न ऐकता.

नागपूर लागलं. पूर्ण बातमी झाली. आमच्या मुलाच्या गावाचं नाव आलं नाही. छावणीचं नाही. काही नाही.

"आजोबा," सून आतून म्हणाली, "मतलब कुछ नहीं हुआ ना? रेडिओवर नाही म्हणजे काही झालं नाही ना?"

हो म्हणा हो, मी मनात म्हणत होते. एक शब्द म्हणायला काय जातं! मामाजींनी नकारार्थी मान हलवली.

"म्हनजे मले मालूम नाही, बेटा."

आणि त्यांनी मला पदराआड टॉर्च धरायला लावला, आणि त्या चौथ्या ओळीखाली पाचवी लिहिली. "छावणीची खबर मालूम नाही." त्या वेळी मला त्यांचा एवढा राग आला की टॉर्च फेकून द्यावासा वाटला. सून मात्र ते ऐकून रडली, पहिल्यांदा. दुपारपासून दगड झाली होती पोरगी. रडली आणि मग दोन घास खाल्ले तिनं.

दुसरा दिवस तसाच गेला. चौथी ओळ फाटकावर तशीच. मी येता-जाता मान वळवायचे. भाऊजी मागच्या दारानं बाजारात जायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी कणीक मळताना फोन वाजला. अनोळखी नंबर. "आई, मी आहे. ठीक आहे. इथं काहीच झालं नाही आमच्याकडे. तिला दे लवकर, मागं लाइन लागली आहे." एवढंच. मी कणकेच्या हातानं फोन तिच्या कानाला लावला आणि ओट्याला धरून खाली बसले.

बातमी ब्लॉकभर झाली. अर्ध्या तासात भाऊजी पेढ्याचा डबा घेऊन फाटकाशी हजर. तोंडभर हसत. "वहिनी, मी म्हनलं नव्हतं का, आपल्या वाघाले काई होत नाही!"

म्हनलं नव्हतं का! मी डब्याला हात लावला नाही. आत गेले, मोरीतला कपडा पिळला आणि त्यांच्या हातात दिला.

"पुसा."

हसू मावळलं. पायऱ्यांवर, गच्चीवर माणसं जमलेली. ते हळूच म्हणाले, "आता सारं चांगलं झालं ना वहिनी. अन् ते चॅनलवाल्याईनं..."

"चॅनलवाला येनार आहे का भिलाईले पुसाले? त्याचा पत्ता द्या, मी त्यालेही कपडा पाठवीन. तवरोक तुमी पुसा."

त्यांनी मामाजींकडे पाहिलं. मामाजी खुर्चीत बसून होते, काठीवर हनुवटी ठेवून.  शेवटी भाऊजींनी डबा पायरीवर ठेवला, गुडघ्याचा पट्टा सावरला आणि वाकले. दोन दिवसांच्या उन्हानं खडू पत्र्यात बसला होता. घासावं लागलं. गावाचं नाव गेलं, "छावणी" गेली, "उडवली" गेलं, "सर्व" गेलं. ते घाम पुसत उभे राहिले आणि कपडा माझ्या हातात देऊ लागले.

खिडकीत सून उभी होती, पोटावर हात ठेवून. 

"कोने में रह गया, अंकल," ती म्हणाली. "खाक. तेवढंही पुसा."