ऐन थंडीत ढगाळ आठवडा आणि मयुरीची हळद

मागच्या सोमवारी सकाळी गच्चीवर गेले आणि आनंदाने उडीच मारली. ऐन थंडीत आमच्या आख्ख्या कोपर उपनगरावर राखाडी ढग उतरलेले... आणि चक्क भुरभुर पाऊस.

मी कल्याणला शाळेत भूगोल शिकवते आणि हवामानाचं वेड आहे मला. दसऱ्यानंतर गुंडाळून ठेवलेला पर्जन्यमापक बाहेर काढला, तर नवरा म्हणाला, "झाली सुरुवात." पुढचे चार दिवस तेच वातावरण. ना थंडी, ना ऊन... मधूनच एक सर येणार, रस्ता ओला करून जाणार.

बाकी सगळे वैतागलेले. कपडे वाळेनात, मुलं शिंकतायत, गावी आंब्याचा मोहोर गळतोय म्हणून फोन येतायत. मी मात्र दर तासाला मोबाइलवर उपग्रहाची चित्रं बघत होते... जरा अपराधीच वाटायचं.

गुरुवारी संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या सकपाळ काकू आल्या. शुक्रवारी चार वाजता त्यांच्या मयुरीची हळद होती, आमच्याच गच्चीवर.

गच्चीवर का, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. सकपाळ काकांना गणपतीत अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं एखाद-दुसऱ्या शब्दावर आलं. हॉस्पिटलमधून आल्यापासून ते घराबाहेर पडले नव्हते. पण आमची लिफ्ट थेट गच्चीपर्यंत जाते, म्हणजे व्हीलचेअरवरून त्यांना वर नेता येणार होतं.

आता पावसामुळे कळव्याहून मयुरीचे मामा मागे लागलेले, की स्टेशनजवळचा हॉल घ्या. हॉल पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना अरुंद. म्हणजे हळद हॉलमध्ये आणि काका घरी.

"हॉलवाल्याला उद्या सकाळी सातपर्यंत सांगायचंय," काकू म्हणाल्या. "दीपा, तूच बघून सांग. मोबाइलमध्ये तर दिवसभर पाऊसच दाखवतोय."

मुलांना फळ्यावर ढग काढून दाखवणं वेगळं आणि हे वेगळं.

शुक्रवारी पहाटे उठून बसले. समुद्रावरून ढगांचे पट्टे येत होते, एकामागून एक. दुपारच्या पट्ट्यानंतर एक मोकळी जागा दिसत होती. ती ज्या वेगाने सरकत होती त्यावरून तीन ते सहा आपल्यावर असावी... असावी. ढग काही शब्द देत नाहीत.

साडेसहाला खाली गेले. काका खिडकीपाशी बसलेले, मयुरी त्यांना चहा पाजत होती. मी सगळं सांगितलं, खात्री नाही हेही सांगितलं.

"आणि चुकलं तर?" काकूंनी विचारलं.

"तर मांडव भिजेल काकू, आणि मी तुम्हाला तोंड दाखवणार नाही."

काकूंनी काकांकडे पाहिलं. मग काकांनी डावा हात उचलला, बोट छताकडे केलं आणि म्हणाले, "वर."

संपला विषय. हॉलवाल्याला नाही म्हणून कळवलं.

शाळेतून निघाले तर कल्याणला बदाबदा पाऊस. घरी पोचले तरी चालूच. अडीचला मी गच्चीच्या दारात उभी, समोर पाण्याचं तळं, वरून उघड्या मांडवाची झालर चिंब... मामा वर आले आणि म्हणाले, "अंदाज सांगणाऱ्या मॅडम तुम्हीच ना?" मी नुसती मान हलवली.

पावणेतीन... तीन... काकू दोनदा येऊन बघून गेल्या. तेच जास्त लागलं.

तीन वाजून दहा मिनिटांनी पाऊस थांबला. थेंबही नाही. मी एवढ्या जोरात हाक मारली, की बिल्डिंगमधल्या बायका वायपर घेऊनच वर आल्या. मामांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि खराटा हातात घेतला. चारला गच्ची कोरडी, खुर्च्या मांडलेल्या, मयुरी पाटावर.

मग लिफ्टमधून काका आले. एरवी या वेळी आमच्या गच्चीवर हिवाळ्यातही ऊन टोचतं, त्यांना दहा मिनिटंही बसवलं नसतं. पण त्या दिवशी वर ढगांचं जाड छप्पर, खाली मऊ, गार हवा. त्यांनी मान वर केली आणि कितीतरी वेळ नुसतं आभाळ बघितलं.

हळद लावायची वेळ आली तेव्हा मयुरी उठून त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसली. काकूंनी वाटी धरली. काकांच्या डाव्या हाताची बोटं हळूहळू तिच्या गालापर्यंत गेली... आणि तिथेच थांबली. मामा तोंड फिरवून उभे राहिले.

तेवढ्यात काकांनी मला शोधलं. "दीपा," ते म्हणाले. शब्द जड होते, पण सगळे ऐकू आले. "किती... वाजेपर्यंत?"

"सहापर्यंत, काका."

त्यांनी लेकीकडे पाहिलं. "मग... घाई नको."

पुढचा दीड तास ते तिथेच होते. मयुरी त्यांच्या पायाशी, येणारा-जाणारा दोघांनाही हळद लावून जात होता. काकू दिवसभरात पहिल्यांदा बसल्या, नाचणाऱ्या पोरींकडे बघून हसल्या.

पाऊस आला तो पावणेसहाला. माझा अंदाज पंधरा मिनिटांनी चुकलाच... पण तोवर ताटं खाली गेली होती आणि काका घरात, अजून पिवळेधमक.

आठवडाभर ज्याला सगळ्यांनी शिव्या दिल्या, त्या ढगाळ हवेचे मी मनापासून आभार मानते. एका बापाला आपल्या लेकीपाशी दीड तास आरामात बसता आलं.